कमान पाट्याची जागा चार दांड्यांनी कशी घेतली : ऑफ-रोड गाडीच्या सस्पेन्शनचा इतिहास

तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजात जुनी जीप उभी असेल, तर तिच्या मागच्या चाकापाशी वाकून पाहा. एक्सलच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसेल. मिस्त्री तिला कमान पाटा किंवा नुसते ‘पाटे’ म्हणतात. आता एखादी स्पर्धेसाठी बांधलेली ऑफ-रोड गाडी पाहा. तिथे पाटे नसतात. एक्सलपासून चासीपर्यंत जाणारे लांब नळीचे दांडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये वेटोळ्यांची कॉइल स्प्रिंग उभी असते. पाट्यांपासून या रचनेपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे आपण या टिपणात पाहणार आहोत.

हा इतिहास शिकवावासा वाटण्याचे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी आपली जुनी जीप कॉलेजच्या कार्यशाळेत घेऊन आला. मागचे पाटे काढून त्याने स्वतः चार दांडे आणि कॉइल बसवल्या होत्या. वेल्डिंग सुबक होते, दांडे भक्कम होते. सपाट रस्त्यावर गाडी उत्तम चाले. पण खड्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बेडकासारखा उड्या मारू लागे. तो वेल्डिंगमध्ये दोष शोधत होता. दोष वेल्डिंगमध्ये नव्हता. पाटे जी कामे मुकाट्याने करत होते, त्यांतले एक काम त्याने दांड्यांकडे सोपवले होते, पण त्याचा हिशेब केला नव्हता. त्याच्या गाडीकडे आपण शेवटी परत येऊ.

१. पाटा किती कामे करतो?

स्प्रिंगचे काम वजन पेलण्याचे, एवढेच आपण शाळेत शिकतो. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियमही तेवढेच सांगतो: जितका भार, तितके वाकणे किंवा ताणले जाणे. लंडनचे गाडीकारागीर ओबडाया एलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. घोडागाडीत पाट्याला प्रामुख्याने वजन पेलायचे होते, कारण ओढणारा घोडा गाडीच्या पुढे होता. चाकाला फिरवणारी ताकद पाट्यातून जात नव्हती.

मोटार आली आणि ही परिस्थिती बदलली. आता ओढ चाकातूनच निर्माण होऊ लागली. अशा वेळी लांबीच्या दिशेने बसवलेला पाटा पुढील कामे एकटा करतो:

पहिले, गाडीचे वजन पेलणे.
दुसरे, एक्सलला पुढे-मागे सरकू न देणे. म्हणजे चाकाची ओढ आणि ब्रेकचा रेटा चासीपर्यंत पोहोचवणे.
तिसरे, एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणे.
चौथे, एक्सलचा पीळ सहन करणे. चाक पुढे फिरते तेव्हा प्रतिक्रिया म्हणून एक्सलचे कवच उलट फिरू पाहते. त्याला धरून ठेवणारे पाट्याशिवाय दुसरे काही नसते.
पाचवे, पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे थोडेफार दोलन शमवणे.

पाट्यांवरच ओढ आणि पीळ सोपवणाऱ्या या मांडणीला हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावावरून ‘हॉचकिस ड्राइव्ह’ म्हणतात. रचना स्वस्त, सुटे भाग थोडे आणि दुरुस्ती कुठेही शक्य. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला आणि १९४८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरला पुढे-मागे पाटेच होते, ते याच कारणाने. आपल्याकडच्या ट्रकांना आजही पाटे आहेत. तेव्हा पाटा म्हणजे मागासलेले तंत्र, असा समज करून घेऊ नका.

अडचण येते ती ओबडधोबड जमिनीवर. तिथे एक चाक दगडावर चढते आणि दुसरे खड्ड्यात उतरते. चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत, तर स्प्रिंग मऊ हवी. पण पाटा मऊ केला की तो एक्सलचा पीळ सहन करू शकत नाही. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळतो, मग सुटतो, पुन्हा वळतो. एक काम सुधारायला जावे, तर दुसरे बिघडते. पुढचा सगळा इतिहास ही गाठ सोडवण्याचा आहे.

२. कामांची वाटणी

ही गाठ सोडवण्याचा मार्ग असा: वजन पेलण्याचे काम स्प्रिंगला द्यायचे आणि एक्सलला जागेवर धरण्याचे काम वेगळ्या दांड्यांना. हा विचार मोटारीइतकाच जुना आहे. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत पाटा आडवा, म्हणजे एक्सलला समांतर बसवला होता. आडवा पाटा एक्सलला पुढे-मागे धरून ठेवू शकत नाही. म्हणून फोर्डने एक्सलच्या दोन टोकांपासून निघून मध्यभागी एकत्र येणारे दांडे दिले. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर ही गाडी चांगलीच वळत-लवचत चाले. आडव्या दिशेचे काम करणारा ‘पॅनहार्ड दांडा’ फ्रान्सच्या पॅनहार्ड कंपनीच्या नावाने ओळखला जातो. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे एक्सलला जोडलेले असते.

कॉइल स्प्रिंग या वाटणीसाठी अगदी सोयीची, कारण तिला वजन पेलण्याखेरीज दुसरे काही येतच नाही. तिच्यावर नुसता एक्सल टेकवला, तर तो कोणत्याही दिशेला पडेल. म्हणून कॉइल आली की दांडे आलेच. १९३८ च्या ब्यूइक मोटारीत मागच्या एक्सललाही कॉइल दिल्या होत्या. एक्सलचा पीळ टॉर्क ट्यूबकडे होता आणि आडवा रेटा पॅनहार्ड दांड्याकडे. १९६० मध्ये शेव्हरलेने आपल्या अर्ध्या टनाच्या पिकअप ट्रकलाही मागे कॉइल आणि दोन लांब दांडे दिले. ही रचना इतकी सरळ व टिकाऊ ठरली, की अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या गाड्यांनी ती उचलली आणि तिथे त्या दांड्यांना ‘ट्रक आर्म’ हेच नाव पडले.

कॉइलचा आणखी एक फायदा म्हणजे तिचा कडकपणा आधीच काढता येतो. तो तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घातानुसार व वेटोळ्यांच्या संख्येनुसार कमी होतो. तार १० टक्के जाड केली तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. पाट्यात मात्र घर्षण, गंज आणि पट्ट्यांचे वय यांमुळे असा नेमका अंदाज बांधता येत नाही.

३. किती दांडे हवेत? मोजून पाहू

मोकळ्या वस्तूला हालचालीची सहा स्वातंत्र्ये असतात: तीन सरळ सरकण्याची, तीन फिरण्याची. एक्सलला यांपैकी दोनच द्यायची आहेत: वर-खाली जाणे, आणि एक टोक वर व दुसरे खाली असे कलणे. उरलेली चार रोखायची. दोन्ही टोकांना गोल सांधा असलेला एक दांडा एकच स्वातंत्र्य रोखतो. म्हणजे बरोबर चार दांडे हवेत. ही मोजणी लक्षात ठेवा. पुढच्या सर्व गाड्या तिच्यावर तपासून पाहता येतात.

१९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोत पुढच्या अखंड एक्सलला कॉइल होत्या, दोन जाड ‘रेडियस आर्म’ होते आणि एक पॅनहार्ड दांडा होता. प्रत्येक आर्म एक्सलला घट्ट जखडलेला असतो. त्यामुळे इथे रोखली गेलेली स्वातंत्र्ये चारांहून जास्त होतात. एक चाक वर आणि दुसरे खाली जाताना एक्सललाच पीळ पडू पाहतो. रबरी बुश दबतात, म्हणून गाडी चालते. रस्त्यावर याचा फायदाच होतो, कारण वळणावर गाडी कमी कलते. खडकावर मात्र चाकाची हालचाल तेवढीच आखडते.

१९७० मध्ये ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर आली. तिच्या बांधणीमागे स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड हे अभियंते होते. चारही चाकांना लांब चालीच्या मऊ कॉइल होत्या. पुढची मांडणी ब्रॉन्कोच्या वळणाची होती: दोन रेडियस आर्म आणि पॅनहार्ड दांडा. मागे मात्र दोन खालचे दांडे आणि वर मध्यभागी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा एक आर्म होता. हा आर्म एक्सलच्या मध्याला गोल सांध्याने जोडलेला असल्याने दोन स्वातंत्र्ये रोखतो. दोन आणि दोन चार. हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणूनच मागचा एक्सल पुढच्यापेक्षा मोकळा हलतो.

त्यानंतर एकेक कंपनी या वाटेने गेली. १९७९ ची मर्सिडीज जी, १९८३ ची लँड रोव्हर वन-टेन, १९८७ ची निसान पेट्रोल आणि १९९० च्या सुमारास आलेली टोयोटा लँड क्रूझरची ८० मालिका या सर्वांनी अखंड एक्सल ठेवून कॉइल स्वीकारल्या. अमेरिकेत १९८४ च्या जीप चेरोकीला पुढे चार दांडे, पॅनहार्ड दांडा आणि कॉइल होत्या, मागे पाटेच होते. १९९७ च्या जीप रँग्लरला चारही बाजूंनी कॉइल मिळाल्या.

४. स्वतः बांधणाऱ्यांची वाट

कारखान्यांच्या बरोबरीने दुसरा एक इतिहास घराघरांतल्या शेडमध्ये घडत होता. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन या खडकाळ वाटेवर १९५३ मध्ये ‘जीपर्स जम्बोरी’ हा जीपवाल्यांचा मेळावा सुरू झाला. युटा राज्यातील मोआबची ‘ईस्टर जीप सफारी’ १९६७ ची. तिथे येणाऱ्यांच्या गाड्या पाट्यांच्याच होत्या आणि मोठी चाके बसवायची म्हणून त्या उंच कराव्या लागत.

उंच करण्याची स्वस्त युक्ती म्हणजे एक्सलखाली असलेला पाटा एक्सलच्या वर बसवणे. गाडी एकदम उंच होते, जास्त वाक असलेले कडक पाटेही घ्यावे लागत नाहीत. पण मोठे चाक आणि मऊ पाटा एकत्र आले की आधी सांगितलेला पीळ डोके वर काढतो. त्यावर उपाय म्हणून लोकांनी एक्सलपासून चासीपर्यंत एक आडकाठी टाकली. तिला ‘ट्रॅक्शन बार’ म्हणतात. पिळाचे काम पाट्याकडून काढून घेणारा हा या बांधणाऱ्यांचा पहिला दांडा. एकदा एक काम काढून घेतले, की उरलेलीही काढून घ्यावीत हा विचार फार दूर नव्हता.

कोणत्याही दिशेला वळू शकणारा सांधा मात्र हवा होता. गोल पोलादी गुंडी आणि भोवती तिचे घर असा दांड्याच्या टोकाचा सांधा विमानांतून आला. ब्रिटनमध्ये तो ‘रोझ जॉइंट’ आणि अमेरिकेत ‘हाइम जॉइंट’ म्हणून ओळखला जातो. ही दोन्ही नावे तो बनवणाऱ्यांची आहेत. शर्यतीच्या मोटारींतून तो ऑफ-रोड गाड्यांत उतरला. वाळवंटी शर्यतींनीही हातभार लावला. मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पावरची मोठी शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली, आणि १९९४ मध्ये अशा शर्यतींत ‘ट्रॉफी ट्रक’ हा खुला वर्ग आला. या ट्रकांत मागे अखंड एक्सल, चार दांडे आणि लांब चालीचे शॉक ही मांडणी रुळली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस खडक चढण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा स्वतः बांधलेल्या चार दांड्यांच्या गाड्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्याच सुमारास घरोघरी संगणक आला. दांड्यांच्या टोकांची मापे भरली की परिणाम दाखवणाऱ्या स्प्रेडशीट हौशी लोकांनी तयार केल्या आणि एकमेकांना फुकट दिल्या. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. वेल्डिंग मशीन आधीच शेडमध्ये होते. आता मोठ्या कंपन्यांच्या आरेखन विभागातला हिशेबही शेडमध्ये आला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत सुरू झाली. तिथे एकाच गाडीला वाळवंटातून वेगाने पळावे लागते आणि खडकही चढावे लागतात. अशा ठिकाणी अंदाजाने बसवलेला दांडा फार काळ टिकत नाही.

५. एक छोटा हिशेब

आता आपल्या विद्यार्थ्याच्या जीपकडे परत येऊ. समजण्यासाठी आकडे सोपे करून घेतले आहेत.

दोन्ही एक्सलमधील अंतर २४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची ७७५ मिलिमीटर धरा. वरचा दांडा जमिनीपासून ६२० मिलिमीटरवर, अगदी आडवा आहे. खालच्या दांड्याचे एक्सलकडचे टोक ३८० मिलिमीटरवर आहे आणि बाजूने पाहिल्यास हा दांडा १००० मिलिमीटर पुढे जाताना १०० मिलिमीटर वर चढतो.

दोन्ही दांड्यांच्या रेषा पुढे वाढवा. एक्सलपाशी त्यांच्यात २४० मिलिमीटरचे अंतर आहे आणि ते दर १००० ला १०० ने कमी होते. म्हणजे त्या रेषा २४०० मिलिमीटर पुढे आणि ६२० मिलिमीटर उंचीवर मिळतात. या बिंदूला तात्क्षणिक केंद्र म्हणतात. मागचे चाक जमिनीला टेकते तिथून या बिंदूतून रेषा काढा. पुढच्या एक्सलच्या उभ्या रेषेला ती ६२० मिलिमीटर उंचीवर छेदते. ६२० ला ७७५ ने भागा: ८० टक्के. या आकड्याला ‘अँटी-स्क्वॉट’ म्हणतात. वेग घेताना गाडीचे बूड बसू नये म्हणून दांडे किती आधार देतात, ते हा आकडा सांगतो. १०० टक्के म्हणजे बूड बसतही नाही, उचललेही जात नाही.

आता आपल्या विद्यार्थ्याने काय केले पाहा. खालच्या दांड्याचे चासीकडचे ब्रॅकेट दगडाला लागते, म्हणून त्याने ते फक्त ६० मिलिमीटर वर घेतले. दांडा आता १००० ला १६० चढतो. रेषा १५०० मिलिमीटरवरच मिळतात, उंची तीच ६२०. पुढच्या एक्सलपाशी छेद ९९२ मिलिमीटरवर जातो. ९९२ ला ७७५ ने भागा: १२८ टक्के.

चार बोटांपेक्षा कमी सरकवलेल्या एका ब्रॅकेटने आकडा ८० वरून १२८ वर नेला. आता ॲक्सिलरेटर दाबला की दांडे चासीला वर ढकलतात, बूड उचलले जाते, क्षणभराने चाकावरची पकड सुटते, बूड खाली येते, पुन्हा पकड मिळते. उड्या सुरू होतात. खड्या चढावर उचललेले बूड आणि अचानक सुटणारी पकड यांतून गाडी आडवी होण्याचा किंवा उलटण्याचा धोका असतो. (हा हिशेब फक्त मागची चाके ओढत आहेत असे धरून केला आहे. चारही चाके ओढत असतील, तर परिणाम मागच्या चाकांच्या वाट्याइतकाच होईल.)

उपायही याच हिशेबात आहे. ब्रॅकेट वर घ्यायचेच असेल, तर वरच्या दांड्याची टोकेही पुन्हा ठरवली पाहिजेत. आम्ही त्याच्याकडून वरच्या दांड्यांची ब्रॅकेट बदलून घेतली. खालच्या दांड्याला हात लावावा लागला नाही.

६. आपल्याकडे

भारतात १९८५ पासून दिसणाऱ्या मारुती जिप्सीला पुढे-मागे पाटे होते. २०२० ची महिंद्रा थार आणि २०२१ ची फोर्स गुरखा यांच्या मागे अखंड एक्सल, दांडे आणि कॉइल आहेत. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या जिम्नीत पुढे आणि मागे दोन्हीकडे तीच मांडणी आहे. म्हणजे जी रचना पूर्वी शेडमध्ये बांधावी लागे, ती आता शोरूममध्ये मिळते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’मध्ये बदल केलेल्या गाड्यांची कसोटी लागते. आणि मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २००७ पासून सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेने अभियांत्रिकीच्या मुलांना स्वतःचे सस्पेन्शन आखायला शिकवले.

पण स्पर्धेची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत फरक करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. दांडा तुटला तर समोरून येणाऱ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो, हे या नियमामागचे साधे कारण आहे.

समारोप

पाटा काढणे सोपे आहे. चार नट-बोल्ट सोडले की तो हातात येतो. पण पाटा पाच कामे करत होता. तो काढला त्या क्षणी ती पाचही कामे बांधणाऱ्याच्या अंगावर येतात. फोर्डपासून रेंज रोव्हरपर्यंत आणि रुबिकॉनच्या शेडपासून आपल्या कार्यशाळेपर्यंत, ज्यांनी प्रत्येक काम कोणाकडे सोपवले हे लिहून ठेवले, त्यांच्या गाड्या टिकल्या. तुम्हीही दांडा कापण्याआधी कागद काढा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात खालचा दांडा १००० ला १६० चढत असताना वरचा दांडा कसा ठेवल्यास अँटी-स्क्वॉट पुन्हा १०० टक्क्यांच्या खाली येईल? आकृती काढून दाखवा.
२. दोन रेडियस आर्म आणि एक पॅनहार्ड दांडा या मांडणीत रोखलेली स्वातंत्र्ये मोजा. रबरी बुशांऐवजी ताठ सांधे बसवले तर काय होईल?
३. जवळच्या गॅरेजात जाऊन एका ट्रकचे पाटे पाहा. पाचपैकी कोणते काम कोणता भाग करतो, ते मिस्त्रींना विचारून लिहा.